जुन्या बुडालेल्या जहाजांमधलं तेल गळायच्या आधीच काढून घेता येत नाही का?

खारवारा:
परवा रात्री पर्ल हार्बरमधल्या यूएसएस ॲरिझोनाचा एक व्हिडिओ बघत बसलो होतो. ७ डिसेंबर १९४१ ला बुडालेलं जहाज, आणि आजही त्याच्यातून तेलाचा एकेक थेंब वर येतोय, पाण्यावर आला की पसरतो आणि त्याचा तो सप्तरंगी तवंग होतो. ऐंशी वर्षं उलटून गेली तरी. पहिल्यांदा बघताना सुंदर वाटलं आणि मग दुसऱ्या मिनिटाला पोटात गोळा आला, कारण खाली अजून लाखो लिटर तेल आहे असं त्यात सांगितलं.

मग शोधत गेलो तर कळलं की हे एकटं जहाज नाही. २००५ साली काही संशोधकांनी जगभरातल्या अशा जहाजांची मोजदाद केली होती, तेल असू शकेल अशी ८,५६९ जहाजं निघाली, त्यातली १,५८३ तर टँकर. आणि त्यातली साधारण तीन चतुर्थांश दुसऱ्या महायुद्धातली. आत मिळून किती तेल असेल याचा अंदाज २५ लाख टनांपासून २ कोटी टनांपर्यंत. १९८९ ला एक्सॉन वाल्डेझ या टँकरमधून जे सांडलं आणि जगभर हाहाकार झाला ते साधारण ३७ हजार टन होतं. म्हणजे अगदी कमीत कमी आकडा धरला तरी त्याच्या साठपटीहून जास्त तेल गंजक्या पत्र्यांच्या आड पडून आहे.

तर माझे साधे प्रश्न. एक, ही जहाजं सरळ वर का उचलत नाहीत? दोन, उचलता येत नसतील तर निदान तेल तरी पंपाने खेचून घेता येतं का, आणि कुणी तसं केलंय का? तीन, हे करायचं कुणी, कारण ज्यांची जहाजं होती त्या कंपन्या आता आहेत की नाहीत कोण जाणे. या क्षेत्रात काम केलेलं कुणी इथे असेल तर प्लीज सविस्तर लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

जुना_इंजिनरूमवाला:
मी बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, बुडालेल्या जहाजांवर काम नाही केलं पण टाक्या, व्हॉल्व्ह आणि बंकर तेल यांच्याशी रोजचा संबंध होता त्यामुळे यातलं बरंचसं डोळ्यासमोर येतं. जमेल तसं लिहितो, लांबेल.

उचलण्याचं म्हणाल तर विसरा. ऐंशी वर्षं पाण्यात पडलेलं जहाज म्हणजे जुनी कुजलेली साडी, उचलायला गेलात तर हातात दोन तुकडे येतील आणि मधलं सगळं खाली पडेल. समुद्रात पोलाद साधारण वर्षाला ०.१ मिलीमीटर झिजतं असं धरतात. दिसायला किरकोळ, पण ऐंशी वर्षांत ८ मिलीमीटर झाले, आणि जहाजाचा पत्राच मुळात दहा-वीस मिलीमीटरचा असतो. शिवाय झीज सगळीकडे सारखी नसते. जिथे पाणी वाहतं, ऑक्सिजन जास्त, वादळं येतात तिथे भराभर, खोल थंड गाळात हळू. आधी पत्रा जात नाही, आधी जातात ते टाक्यांचे हवा सोडायचे पाइप, रिवेट, जोड. तिथून थेंब थेंब सुरू होतं. आणि मग एक दिवस आतला आधार गेला की अख्खी टाकी बसते आणि एकदम सगळं बाहेर. आपल्याला भीती या दुसऱ्या प्रकाराची आहे.

आता तेल. जुन्या जहाजांत जे जळायचं ते जड बंकर तेल, आपण गाडीत घालतो ते डिझेल नव्हे. हे तेल थंड झालं की डांबरासारखं घट्ट होतं. एकदा एका जहाजावर टाकीचं हीटिंग बंद राहिलं होतं रात्रभर, थंडीच्या समुद्रात, सकाळी पंप लावला तर पंप नुसता ओरडतोय आणि तेल जागचं हलत नाही. अख्खा दिवस वाफ सोडून तापवत बसलो तेव्हा कुठे वाहायला लागलं. हे चालू जहाजावर, सगळी साधनं हाताशी असताना. समुद्राच्या तळाशी, पाणी ४-५ अंशांवर असताना तेच तेल काढायचं म्हणजे काय होत असेल याची कल्पना करा.

तरी काढता येतं, आणि काढलंय. पद्धतीला हॉट टॅपिंग म्हणतात. पाणबुडे किंवा रोबो खाली जातात, टाकीच्या जागी पत्र्यावरची शेवाळं, शिंपले खरवडून साफ करतात, पत्र्याची जाडी मोजतात, मग तिथे एक फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची लोखंडी चकती, बोल्टने पक्की बसवतात, तिच्यावर व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हमधूनच कटर आत घालून पत्र्याला भोक पाडतात. कटर मागे घेतला की व्हॉल्व्ह बंद. म्हणजे भोक पडलं पण बाहेर थेंब नाही. मग होज जोडायचा आणि पंप सुरू. तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून ते टाकीच्या वरच्या भागात जमलेलं असतं, तिथेच भोक पाडायचं. आणि खाली दुसरं भोक, त्यातून समुद्राचं पाणी आत यायला हवं, नाहीतर वरून तेल ओढलं की आत पोकळी होऊन गंजका पत्रा चेपून जाईल. घट्ट तेलाला आत वाफ किंवा गरम पाणी खेळवावं लागतं.

एक गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे उलटं पडलेलं जहाज या कामाला सोयीचं असतं, कारण इंधनाच्या बऱ्याच टाक्या तळाला असतात आणि जहाज पालथं झालं की तळ वर. स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमध्ये एचएमएस रॉयल ओक अशीच पालथी पडली आहे, १४ ऑक्टोबर १९३९ ला जर्मन पाणबुडीने बुडवलेली. तिच्यातून वर्षानुवर्षं गळत होतं, शेवटी ब्रिटिश नौदलाने हॉट टॅपिंग करून १,६०० टनांच्या आसपास तेल काढलं. पॅसिफिकमधल्या क्वाजालीनच्या लगूनमधली, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या पाण्यातली, प्रिन्झ ऑयगेन पण पालथीच. ती जर्मन युद्धनौका, युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात, १९४६ ला बिकिनीच्या अणुचाचण्यांत वापरली, मग क्वाजालीनला आणून ठेवली ती त्याच वर्षी डिसेंबरात उलटली. २०१८ ला अमेरिकन नौदलाने तिच्यातून साडेआठ लाख लिटरहून जास्त तेल काढलं. बहात्तर वर्षं पाण्यात राहून ते तेल तसंच होतं, हे लक्षात घ्या. तेल सडून संपत नाही, ते वाट बघत बसतं.

आणि खोलीचं म्हणाल तर प्रेस्टीज, नोव्हेंबर २००२ ला स्पेनच्या गॅलिशियासमोर बुडालेला टँकर, साडेतीन हजार मीटरपेक्षा खोल. तिथे पाणबुड्याचं कामच नाही, सगळं रोबोंनी. २००४ मध्ये तिथून १३ हजार टनांहून जास्त तेल वर आणलं. म्हणजे तंत्र आहे. अडलंय ते तंत्रापाशी नाही.

पाणपक्षी:
इंजिनरूमवाल्यांनी तंत्राचं फार छान लिहिलंय. मी पक्ष्यांच्या बाजूने लिहिते कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे.

जेकब लकेनबाख हे नाव कुणी ऐकलंय का? मालवाहू जहाज, १४ जुलै १९५३ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळ दुसऱ्या जहाजाला धडकून बुडालं. सगळे विसरून गेले. मग पुढे कित्येक हिवाळे असं व्हायचं की किनाऱ्यावर तेलाने माखलेले पक्षी येऊन पडायचे आणि समुद्रात कुठलंच जहाज फुटलेलं नसायचं. लोकांना संशय यायचा की जाणाऱ्या येणाऱ्या जहाजांपैकी कुणीतरी चोरून टाक्या धुतंय, त्यांना मिस्टरी स्पिल म्हणायचे. २००१-०२ च्या हिवाळ्यात परत तसं झालं तेव्हा तेलाचे नमुने रासायनिक पद्धतीने जुळवले, तवंग कुठून येतोय त्याचा माग काढला आणि धागा जाऊन पोचला लकेनबाखपाशी. पन्नास वर्षांपूर्वीच्या जहाजापाशी! हिवाळी वादळं आली की जहाज हलायचं आणि तेल सुटायचं, इतकं साधं होतं ते. १९९० ते २००३ मध्ये या एका जहाजाने मारलेल्या पक्ष्यांचा अंदाज ५० हजारांच्या वर आहे.

२००२ मध्ये त्यातून जवळपास चार लाख लिटर तेल काढलं, काही कोपऱ्यातलं काढता आलं नाही ते आतच बंद करून टाकलं. खर्च सुमारे २ कोटी डॉलर. आता सांगा, हेच १९८० मध्ये कुणी केलं असतं तर?

तेल पक्ष्याला कसं मारतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते. विषाने मरतात तेही आहेतच, पण जास्त करून थंडीने मरतात. पिसं एकमेकांत अडकून वॉटरप्रूफ कोट झालेला असतो, त्याला रुपयाएवढा तेलाचा डाग लागला तरी तिथून थंड पाणी कातडीपर्यंत जातं. मग तो पक्षी चोचीने पिसं साफ करत बसतो, ते तेल पोटात जातं, पाण्यात उतरता येत नाही म्हणून खायला मिळत नाही, आणि किनाऱ्यावर येऊन कुडकुडत मरतो. मी एकदा असे पक्षी धुवायच्या कामात स्वयंसेवक म्हणून होते, एका पक्ष्याला दोघी दोघी लागायचो, कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, पुन्हा पाणी, पुन्हा साबण, आणि एवढं करून सगळे जगत नाहीत. त्या दिवसापासून मला "थोडंसंच गळतंय" हे वाक्य ऐकवत नाही.

प्रश्नचिन्ह:
वाद घालायचा म्हणून नाही, मनापासून विचारतोय. इतकी वर्षं ही जहाजं खाली आहेत, त्यांच्यावर प्रवाळ वाढलेत, माशांची घरं झालीत. आपण जाऊन भोकं पाडायला लागलो आणि तिथेच पत्रा फाटला तर? जे पन्नास वर्षांत हळूहळू गेलं असतं ते एका दुपारी जाईल. आणि दुसरं म्हणजे यातल्या कित्येक जहाजांत माणसं आहेत. ॲरिझोनावर १,१७७ जण गेले आणि त्यातले बरेच अजून आतच आहेत. कबरीत ड्रिल घालायचं का? मला वाटतं काही ठिकाणी हात न लावणं हाच आदर आहे.

जुना_इंजिनरूमवाला:
@प्रश्नचिन्ह दोन्ही शंका बरोबर आहेत, आणि या कामातले लोक पण आधी हेच विचारतात.

पहिलीचं उत्तर, सगळ्यांना हात लावायचाच नाहीये. आधी बघायचं. माँटेबेलो नावाचा टँकर, २३ डिसेंबर १९४१ ला जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर बुडवला. पोटात कच्चं तेल, एक कोटी लिटरहून जास्त, आणि ते सगळं आतच असणार अशी भीती अनेक वर्षं होती. २०११ ला रोबो पाठवून तपासलं. पत्र्याच्या बाहेरून न्यूट्रॉन सोडून आत तेल आहे की पाणी ते ओळखायचं उपकरण असतं, शिवाय नमुने पण घेतले. काढण्याएवढं तेल उरलेलंच नव्हतं! म्हणजे भीतीपोटी कोट्यवधी डॉलर घालून सगळी जुळवाजुळव केली असती तर पाणीच उपसलं असतं. याउलट कोइम्ब्रा, जानेवारी १९४२ ला लाँग आयलंडजवळ बुडालेला टँकर, तिथे तपासलं तर काही टाक्यांत तेल निघालं आणि २०१९ ला तिच्यातून सुमारे १८ लाख लिटर तेल काढलं. दोन्ही टँकर, दोन्ही एकाच युद्धातले, महिन्याभराच्या अंतराने बुडालेले, आणि निकाल पूर्ण उलटा. वर बसून कागदावर ठरवता येत नाही.

अमेरिकेच्या नोआने (समुद्र आणि हवामान बघणारी सरकारी संस्था) २०१३ मध्ये आपल्या पाण्यातल्या जहाजांची अशी चाळणी लावली. हजारो जहाजांपासून सुरुवात, त्यातून ८७ राहिली, त्यातली ३६ जास्त धोक्याची, आणि १७ अशी की आधी यांच्याकडे जाऊन बघा. हे मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण ८,५६९ हा आकडा ऐकला की माणूस हात टेकतो पण १७ ऐकलं की बाह्या सरसावतो. स्वीडनने पण तसंच केलंय, त्यांच्या पाण्यात हजारो जहाजं, त्यातली तीनशेच्या वर धोक्याची, त्यातली तीसेक तातडीची, आणि सरकारने पैसे दिलेत त्यातून एकेक करून उपसतायत.

पत्रा फाटण्याचं म्हणाल तर खरं आहे, धोका असतो. म्हणूनच तर जाडी मोजतात, म्हणूनच काम चालू असताना वर तेल अडवायचे तरंगते बूम टाकून, तवंग ओढून घेणारे स्किमर लावून बोटी तयार ठेवलेल्या असतात. पण तुमच्या वाक्यात एक गृहीत आहे की हात नाही लावला तर ते हळूहळू जाईल. तसं होत नाही हो. यूएसएस मिसिसिनेवाचं बघा. अमेरिकन नौदलाचा तेलवाहू टँकर, २० नोव्हेंबर १९४४ ला पॅसिफिकमधल्या उलिथी लगूनमध्ये जपानी मानवी टॉर्पेडोने, म्हणजे माणूस आत बसून चालवायच्या टॉर्पेडोने, बुडवला. सत्तावन्न वर्षं गप्प. २००१ च्या जुलैत वादळ येऊन गेलं आणि ऑगस्टमध्ये तेल बाहेर. ती छोटी छोटी प्रवाळ बेटं, लोकांचं पोट लगूनमधल्या माशांवर, आणि मासेमारी बंद करायची वेळ आली. शेवटी २००३ ला नौदलाने जाऊन तिच्यातून ६८ लाख लिटर तेल उपसलं. वादळ थोडं जोरात असतं तर ते ६८ लाख लिटर लगूनमध्ये असतं.

कबरीचं. इथे मला पण शब्द जपून वापरावेसे वाटतात. रॉयल ओकवर आठशेहून जास्त खलाशी गेले, ती अधिकृत युद्धकबर आहे, दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नौदलाचे पाणबुडे खाली जाऊन तिच्यावरचा झेंडा बदलतात. तरी तेल काढलंच की. बाहेरून टाक्यांना भोक पाडलं, माणसं जिथे राहायची त्या भागात कुणी शिरलं नाही. खलाशाच्या नजरेने सांगतो, मी त्या जहाजावर मेलो असतो तर माझ्या कबरीतून विष निघून किनाऱ्यावरची पोरंबाळं उपाशी राहतायत हे मला चाललं नसतं. ॲरिझोनाबाबत अमेरिकेने आत्तापर्यंत तेल न काढता जहाजाच्या गंजण्यावर लक्ष ठेवायचं ठरवलंय, त्यांचा निर्णय आहे, पण लक्ष ठेवणं म्हणजे मोजत राहणं, सोडून देणं नव्हे.

खारवारा:
बापरे, खूप खूप आभार दोघांचे. माँटेबेलो आणि कोइम्ब्राची जोडी डोक्यात बसली अगदी. पण तिसरा प्रश्न राहिलाच, पैसे कोण देणार? आणि तेल सोडून आणखी काय असतं यांच्यात? जहाजावर फक्त इंधन थोडंच असतं.

कायद्याचं_बोला:
पैशाचं मी सांगते, कारण भिजत घोंगडं इथेच आहे.

बुडालेल्या जहाजांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे, नैरोबी करार, २००७ चा, १४ एप्रिल २०१५ पासून लागू. चांगला करार आहे. ३०० टनांवरच्या जहाजाच्या मालकाने विमा काढलाच पाहिजे, जहाज बुडालं आणि धोकादायक ठरलं तर शोधणं, खुणा लावणं, हटवणं सगळं मालकाच्या खर्चाने, आणि मालक पळाला तर सरळ विमा कंपनीला धरता येतं. पण तो मागचं बघत नाही. जी जहाजं आधीच बुडालीत त्यांना तो लावता येत नाही. आणि युद्धनौकांना लागूच नाही. म्हणजे इथे ज्या जहाजांबद्दल आपण बोलतोय ती जवळपास सगळी त्याच्या बाहेर.

युद्धनौकेचं आणखी एक त्रांगडं. ती बुडाली तरी ज्या देशाची होती त्याच देशाची राहते, त्या देशाला विचारल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही. मालकी सोडत नाहीत, पण मालकीबरोबर येणारी जबाबदारी घ्या असं बंधन मात्र कुठल्या करारात स्पष्ट नाही. त्यामुळे होतं असं की जहाज एका देशाचं, बुडवलं दुसऱ्याने, आणि पडलंय तिसऱ्याच्या दारात, ज्याचा त्या युद्धाशी काडीचा संबंध नव्हता. पॅसिफिकमधल्या बेटांचं हेच दुखणं आहे. मायक्रोनेशियातल्या चूक (Chuuk) नावाच्या बेटांच्या लगूनमध्ये फेब्रुवारी १९४४ च्या अमेरिकन हल्ल्यात डझनावारी जपानी जहाजं बुडाली, त्यात तेलवाहू टँकर पण आहेत, आणि आज ते गळायला लागलं तर निस्तरायचं बेटावरच्या लोकांनी. त्यांच्याकडे ना पाणबुडे ना बार्ज ना पैसा. मला हे अन्यायाचं वाटतं, साध्या शब्दांत. ज्यांनी युद्ध केलं त्यांनी आवरायला पाहिजे.

आवरणारे आहेत, नाही असं नाही. मिसिसिनेवाला अमेरिका गेली. सेंट हेलेनाला डार्कडेल नावाचा ब्रिटिश तेलवाहू टँकर ऑक्टोबर १९४१ मध्ये बुडाला होता, २०१० मध्ये गळती वाढली तेव्हा ब्रिटिश संरक्षण खात्याने जाऊन २०१५ ला जवळपास दोन हजार घनमीटर तेल काढलं. पण बघा, दोन्हीकडे आधी गळलं, मग गेले. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय. लकेनबाखचा खर्च अमेरिकेच्या तेलगळती निधीतून झाला, हा निधी तेल कंपन्यांकडून बॅरलमागे कर घेऊन उभा केलेला आहे. माझ्या मते रस्ता तोच आहे. असाच निधी जगाच्या पातळीवर हवा, ज्यातून गळायच्या आधी तपासणी आणि उपसा करता येईल. तेलगळतीच्या भरपाईचे आंतरराष्ट्रीय निधी आहेत पण ते टँकरमधून सांडल्यावर भरपाई द्यायला, असं जुनं दुखणं आधी बरं करायला नाहीत.

अजून एक पेच थोडक्यात. युनेस्कोच्या २००१ च्या करारानुसार शंभर वर्षं पाण्याखाली राहिलेलं जहाज सांस्कृतिक वारसा धरलं जातं आणि वारसा म्हटलं की आधी जागच्या जागी जपा असं तत्त्व आहे. पहिल्या महायुद्धातली जहाजं त्यात आली, दुसऱ्या महायुद्धातली २०३९ पासून यायला लागतील. वारसा आणि तेल उपसणं एकत्र जमतं, रॉयल ओकने दाखवलंय, पण परवानग्यांचे कागद वाढणार. आणि तोवर पत्रा अजून पातळ झालेला असेल.

पाणपक्षी:
@खारवारा तेल सोडून काय असतं याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. यू-८६४, जर्मन पाणबुडी, ९ फेब्रुवारी १९४५ ला नॉर्वेच्या फेडये बेटाजवळ ब्रिटिश पाणबुडीने बुडवली. जपानला निघाली होती आणि पोटात ६७ टन पारा, पोलादी डब्यांमध्ये. २००३ मध्ये नॉर्वेच्या नौदलाला सापडली, दीडशे मीटर खोल, दोन तुकडे झालेले, उतारावर. आता डबे गंजतायत. वर काढायला जावं तर डबा फुटून पारा गाळात पसरेल, टॉर्पेडो पण आहेत. ठेवावं तर किती दिवस. वीस वर्षांहून जास्त तिथे यावर वाद चाललाय, उचला की वाळू-दगड टाकून कायमचं झाकून टाका. २०१६ ला उतार घसरू नये म्हणून खाली भराव घातला. पारा तेलासारखा वर येऊन तवंग होत नाही, तो खालीच राहतो, गाळातल्या जीवाणूंमुळे त्याचं मिथाइल मर्क्युरी होतं आणि ते माशांत साठत जातं. म्हणून डोळ्यांना काहीच दिसत नाही.

शिवाय दारूगोळा. इंग्लंडमध्ये थेम्सच्या मुखाशी रिचर्ड माँटगोमेरी नावाचं मालवाहू जहाज १९४४ पासून पडलंय, साधारण १,४०० टन स्फोटकं घेऊन, आणि त्याचे डोलखांब अजून पाण्यावर दिसतात. तिथे ड्रिल वगैरे बोलूच नका.

आणि "थोडंसंच गळतंय" वाल्यांसाठी अजून एक. जॉन मान नावाचं छोटं गस्ती जहाज १९४२ मध्ये बेल्जियमच्या समुद्रात बुडालं, २०२२ मध्ये त्याच्या आसपासच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऐंशी वर्षांनी पण त्यातून जड धातू, तेलातले विषारी घटक, स्फोटकांची रसायनं बाहेर येतायत आणि आजूबाजूचे सूक्ष्मजीव बदललेत. हे एवढंसं जहाज, मासेमारीच्या बोटीवरून केलेलं.

प्रश्नचिन्ह:
मिसिसिनेवाचं वाचून मत बदललं, प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या डोक्यात "हळूहळू जाईल" हेच होतं. माशांच्या घरांचं काय मात्र? तेल काढल्यावर जहाज तिथेच ठेवतात ना?

जुना_इंजिनरूमवाला:
हो, तिथेच. प्रवाळ, मासे सगळं तसंच, फक्त टाकीतलं तेल जाऊन समुद्राचं पाणी आलेलं असतं. खरं तर घर जास्त सुरक्षित होतं.

अजून एक राहिलं, तेल काढायला वेळ असेल तोवर गंज थांबवायचा. चालू जहाजाच्या तळाला आम्ही जस्ताचे ठोकळे लावायचो, आधी जस्त झिजतं मग पोलाद, दर ड्रायडॉकला ठोकळे बदलायचे. बुडालेल्या जहाजांवर पण ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे असे ठोकळे तारेने जोडून गंजण्याचा वेग कमी करता येतो, त्यावर ऑस्ट्रेलियात काम झालंय. ड्रिल घालायला पैसे नसतील तर किमान एवढं. आणि जहाजांवर अडकलेली मासेमारीची जाळी काढणं, ती नुसती मासे मारत बसतात, आणि नवी ट्रॉल (बोटीमागे तळावरून ओढायची जाळी) येऊन अडकली की ओढताना पत्रा पण ओरबाडतात. नांगर टाकायला आणि ट्रॉल ओढायला या जागांवर बंदी हवी. फुकटात होणारी गोष्ट आहे, नकाशावर एक गोल काढायचा.

खारवारा:
शेवटचा प्रश्न. मी हौशी डायव्हर आहे, अशा जहाजांवर डाइव्ह करणारे आमच्यासारखे हजारो लोक असतील. आम्ही काय करू शकतो?

जुना_इंजिनरूमवाला:
भरपूर. दर वेळी एकाच जागेवरून, एकाच कोनातून फोटो काढा आणि तारीख, खोली, पाण्याचं तापमान लिहून ठेवा. मागच्या वर्षी भोक केवढं होतं, यंदा केवढं आहे, हे असल्या फोटोंवरूनच कळतं. एकावर एक जोडून फोटोंचं थ्रीडी मॉडेल करतात आता, त्याने पत्रा कुठे बसतोय ते दिसतं. हवेच्या पाइपांची तोंडं आणि टाक्यांच्या जोडांच्या रेषा बघा, थेंब तिथून येतात. बुडबुड्यासारखं काळं काही वर जाताना दिसलं तर दिवसाला किती, ओहोटीला जास्त की भरतीला, असं मोजा आणि तिथल्या तटरक्षकांना किंवा बंदर खात्याला कळवा. काहीही हलवायचं नाही, आत शिरायचं नाही, आणि वस्तू आठवण म्हणून उचलायची तर अजिबात नाही. आणि नांगर जहाजावर टाकणारी बोट असेल तर तिच्यावर जाऊ नका, तरंगत्या बॉयाला (buoy) बांधून उभी राहणारी बोट शोधा.

खारवारा:
लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात डाइव्ह आहे, मागच्या दोन वर्षांचे फोटो शोधून त्याच कोनातून काढतो आणि इथे टाकतो.